आग्वादचे गोडे पाणी

मांडवी नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या उत्तरेस, बारदेशच्या भूमीचे टोक पश्चिमेकडे पाण्यात शिरले आहे त्या जागी, आग्वादचा किल्ला आहे. आणि त्याच किल्ल्याचा जो बुरूज सिकेरीच्या बाजूस समुद्रात उतरला आहे त्याच्या पाठीशी आज एक पंचतारांकित हॉटेल उभे आहे, जिथे मुंबई-पुण्याचे सुखवस्तू कुटुंब शुक्रवारी सायंकाळी उतरते आणि रविवारी दुपारी सामान आवरून विमानतळाची वाट धरते. या दीड-दोन दिवसांच्या मुक्कामात पाहुण्याला मिळते काय, तर मऊ बिछाना, सरबराईस तत्पर असा सेवकवर्ग आणि खिडकीच्या चौकटीत बसवलेला समुद्र. समुद्राकडे नुसते पाहत बसण्यासाठी द्रव्य मोजावे ही कल्पना या किनाऱ्यावर फार अलीकडची आहे. त्यापूर्वीची साडेतीन शतके येथे आलेला मनुष्य तहान भागवायला, तोफ डागायला, जाळे ओढायला किंवा शिक्षा भोगायला आला होता.

यांतली तहान सर्वांत जुनी. लिस्बनहून मार्च-एप्रिलात सुटलेले जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून गोव्याच्या मुखाशी पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडत असे. त्या सहा महिन्यांत पिंपांतले पाणी नासून जाई, हिरड्या सुजून दात हलू लागत, आणि लिस्बनला चढलेल्या माणसांपैकी कित्येकांना वाटेतच जलसमाधी दिली जाई; मग जे उरत त्यांना मांडवीच्या तोंडाशी प्रथम हवे असे ते मसाल्याचे पदार्थ नव्हेत आणि धर्मप्रसारही नव्हे, तर भांडेभर गोडे पाणी. १६१२ साली पुरा झालेला हा किल्ला डच आरमाराच्या धास्तीने बांधला गेला, आणि ती धास्ती अनाठायी नव्हती, कारण पुढच्या पिढीतच डचांनी वर्षामागून वर्ष नदीचे मुख अडवून धरले. पण जागेची निवड करताना तोफांच्या माऱ्याइतकेच वजन डोंगराच्या कुशीतल्या जिवंत झऱ्याला पडले असावे, असे किल्ला नीट पाहिल्यावर वाटू लागते. वरच्या चौकाच्या पोटात, जांभ्या दगडाच्या सोळा खांबांवर तोललेली जी टाकी आहे तिच्यात सुमारे चोवीस लाख गॅलन पाणी मावते असे सांगतात. चौकातून चालणाऱ्याला आपल्या पायाखाली एवढा मोठा तलाव होता याची कल्पनाही येत नाही. कोरडा खंदक आणि तट ही पाण्याभोवतीची पेटी होय. पेटीतला ऐवज पाणी हाच होता.

पेटी मजबूत निघाली. १६८३ साली संभाजीराजांच्या स्वारीने गोव्याचे धाबे दणाणले, १७३९ च्या सुमारास मराठी फौजा पुन्हा बारदेशात आणि गोव्याच्याच साष्टीत उतरल्या, आणि सावंतवाडीकर भोसल्यांनी बारदेशचा बहुतेक मुलूख घेतला, तेव्हाही आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले पोर्तुगिजांच्याच हाती राहिले. नेपोलियनच्या युद्धकाळात इंग्रजांनी मैत्रीच्या नावाखाली गोव्यात शिबंदी आणून ठेवली आणि ती १८१३ पर्यंत हलवली नाही. त्यानंतर किल्ल्याला लढण्याचे काम उरले नाही. १८६४ मध्ये तेथे दीपगृह झाले. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा काही काळ आग्वादच्या दीपगृहापाशी टांगलेली होती, ती १८७१ मध्ये पणजीच्या चर्चला गेली.

या सगळ्या कालावधीत कांदोळी-कळंगुटच्या रहिवाशांचे घर कुठे होते? माडांच्या आत, शेताच्या कडेला, समुद्राकडे पाठ करून. वाळूचा पट्टा ही त्यांच्या लेखी राहण्याची जागा नव्हती. ती होड्या ओढून ठेवण्याची, मासळी वाळवण्याची आणि रापण लावण्याची जागा होती. पहाटे होडीतून जाळ्याचा विशाल अर्धवर्तुळाकार फेर टाकावा आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून, चाळीस-पन्नास माणसांनी कमरेला जोर देऊन, मागे सरकत सरकत ते ओढावे. शेवटचा माणूस माडाच्या बुंध्याशी पोचला की त्याने दोर सोडून पुन्हा पाण्याकडे धावत यावे आणि सर्वांत पुढचा दोर धरावा, असा त्या कामाचा क्रम. जाळ्याचे पोट वाळूवर आले की तारले-बांगड्यांचे वाटे पडत, आणि दोराला हात लावलेल्या प्रत्येकाला त्यातला हिस्सा मिळे. वर माडावर चढणारे रेंदेर सुरेचे मडके उतरवीत असत. या दोन पेशांना किनाऱ्याची जेवढी लांबीरुंदी लागे, तेवढी हॉटेलच्या खुर्च्यांनाही लागते. पुढच्या साऱ्या तंट्याचे मूळ येथे आहे.

किनाऱ्यावर सुखासाठी जाण्याची रीत गोव्यात आली ती औषधाच्या मार्गाने. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल नावाच्या इंग्रज वैद्याने समुद्राचे पाणी हे ग्रंथिविकारावरचे औषध म्हणून लिहून ठेवले, आणि ब्रायटन या किनारी गावाचे भाग्य उजळले. ती समजूत युरोपभर फिरत गोमंतकीय ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरांत पोचली. मे महिन्यात त्यांची कुटुंबे ज्याला पोर्तुगीज भाषेत मुदान्सा म्हणत त्या हवापालटासाठी समुद्रावर येत, कुणी झावळ्यांच्या खोपीत तर कुणी भाड्याच्या घरात उतरत. तांदूळ, भांडीकुंडी, आचारी, आजीबाई, सर्व लवाजमा बरोबर असे; सांध्यांच्या दुखण्याला खाऱ्या पाण्याची स्नाने ठरलेल्या संख्येने घ्यावी लागत आणि पावसाची चाहूल लागताच बिऱ्हाड परत जाई. आजच्या दोन रात्रींच्या विश्रांतीपेक्षा या हवापालटात दगदग अधिक होती. परंतु पाहुण्याचा आणि गावाचा संबंध मासळी, दूध, नारळ यांच्या रोजच्या खरेदीने जुळलेला असे, आणि हे मला मोठे वाटते.

त्याच सुमारास डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी जहाजे पाणी भरत तिथे, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचा तुरुंग होता. १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांना येथे डांबले गेले; गोव्याच्या स्वातंत्र्यचळवळीतले नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात धाडले, त्यापूर्वी त्यांनाही आग्वादने पाहिले. १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहात महाराष्ट्रातून सरहद्द ओलांडून गेलेले नानासाहेब गोरे आणि मधु लिमये १९५७ पर्यंत कैदेत होते. ज्या लाटांच्या आवाजासाठी आज अधिक दर आकारला जातो तोच आवाज या मंडळींनी गजाआडून फुकट ऐकला.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि दशक उलटण्याच्या आत हणजूण-कळंगुटच्या वाळूवर युरोप-अमेरिकेतले हिप्पी येऊन राहिले. त्यांना किनारा हवा होता तो स्वस्त म्हणून. त्यांच्यापासून काही मैलांवर, १९७४ मध्ये, ताज समूहाने आग्वादच्या बुरुजापाशी आपले हॉटेल उघडले, आणि तोच किनारा महाग असू शकतो हे सिद्ध केले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल परिषदेसाठी दिल्लीत जमलेले राष्ट्रप्रमुख मधल्या विश्रांतीला येथे आणले गेले. त्या बंदोबस्ताची आणि छायाचित्रांची जेवढी जाहिरात झाली तेवढी कोणत्याही पेढीला पैसे मोजून करवून घेता आली नसती. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून थेट दाबोळीच्या विमानतळावर भाड्याची विमाने येऊ लागली, आणि त्यांच्या विरोधात ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटना उभी राहिली.

किनाऱ्यासाठीचे भांडण तेव्हा नवे नव्हते; त्याआधीच्या दशकात रापणकरांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध दिलेला लढा १९८० च्या मासेमारी नियमन कायद्यापर्यंत पोचला होता. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतची जागा मोकळी ठेवण्याची सूचना केली, आणि १९९१ च्या फेब्रुवारीत किनारी नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. वाळू सार्वजनिक आहे याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. भांडण असते ते वाळूपर्यंत पोचण्याच्या वहिवाटीचे. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावरील अशाच एका तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या जानेवारीत गावकऱ्यांची पूर्वापार वाट मान्य केली आणि हॉटेलच्या बांधकामाचा काही भाग पाडण्यास सांगितले, तर राज्य सरकारने त्याच वर्षी भूसंपादनाच्या कायद्यातच दुरुस्ती करून घेतली. रयतेचा दावा आणि दरबारची सोय यांचा हा सामना कोमुनिदादींच्या, म्हणजे जमिनी सामाईक राखणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थांच्या, काळातही अपरिचित नव्हता.

आज सिकेरीच्या हॉटेलात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा निळा तलाव आहे आणि बहुतेक पाहुणे समुद्र सोडून त्यातच पोहतात. तुरुंगातले कैदी २०१५ मध्ये कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले गेले. जुन्या कोठड्यांचे संग्रहालय होऊन २०२१ च्या डिसेंबरात ते खुले झाले. रापण ओढणारे हात आता थोडे उरले आहेत. अनेकांनी होडीला यंत्र बसवले आहे, तिच्या पाठीवर परवान्याचा क्रमांक रंगवला आहे, आणि सकाळच्या न्याहारीनंतर ते हॉटेलातल्या पाहुण्यांना जाकिटे चढवून डॉल्फिन दाखवायला नेतात. डॉल्फिन दिसो वा न दिसो, परतताना होडी आग्वादच्या तटाखालून जाते, आणि होडीवाला जुन्या तुरुंगाकडे बोट दाखवून त्याची हकीकत सांगतो. ती त्या फेरीच्या भाड्यात धरलेली असते.