लाखेची तबकडी, लाखांचे स्पीकर

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून एक गृहस्थ आमच्या दिग्रसच्या घरी आले होते. अब्बांच्या इंतकालला तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातलं सामान मागच्या खोलीत पडून होतं आणि त्याची खबर कुणीतरी या गृहस्थांपर्यंत पोहोचवली होती. ते ‘हाय-एंड’वाले होते. म्हणजे घरात गाणं ऐकायला काही लाखांचे स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि वायरी बाळगणाऱ्यांपैकी एक. माणूस सभ्य आणि जाणकार. दोन तास बसून त्यांनी एकेक वस्तू फडक्यानं पुसून बघितली.

त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, अब्बांचा गॅरार्ड ३०१ हा इंग्लंडमध्ये बनलेला टर्नटेबल. दुसरी, खोक्यातून कधीच बाहेर न काढलेले काही जुने व्हॉल्व्ह. मी त्यांना पत्र्याची पेटी दाखवली. तीत शंभरेक जुन्या तबकड्या होत्या. त्यांनी वरच्या दोन उचलल्या, लेबलं वाचली आणि परत ठेवल्या.

“या नकोत सर. लाखेच्या आहेत. खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही. भंगारात द्या.”

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय.

लाख, कापूस आणि सुई

आपल्याकडं लाख म्हटलं की बांगड्या आठवतात, नाहीतर पार्सलवरचं सील. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा राळ सोडतो, ती म्हणजे लाख. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, त्याला चपडा म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात जगभर वाजलेल्या तबकड्या या चपड्यापासून बनत. त्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे बारीक तंतू मिसळलेले असत. जगाला लागणारी बहुतांश लाख तेव्हा हिंदुस्थानातून जाई. युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यात जो ऑपेरा वाजत होता, त्याच्या तबकडीत आपल्याकडच्या जंगलातला डिंक होता, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यानं गौहरजान यांचा आवाज मुद्रित केला. सुरुवातीला मुद्रण इथं व्हायचं आणि तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून परत यायच्या. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदाहला कारखाना निघाला, पुढं १९२८ मध्ये दमदमचा. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. तासभर चालणारा खयाल तेवढ्यात बसवायचा. १९२५ पर्यंत मायक्रोफोन नव्हता, त्यामुळं गायकानं मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि आवाजाच्या धक्क्यानंच मेणावर रेघ कोरली जायची.

म्हणजे ‘चांगला आवाज’ हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता.

मिरजेचा गळा

पेटीतली सगळ्यात जपलेली तबकडी अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेब १८७२ मध्ये उत्तरेतल्या कैरान्यात जन्मले, बडोद्यात राहिले आणि मिरजेत स्थिरावले. १९१३ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर एका रेल्वे स्टेशनवर त्यांचा इंतकाल झाला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि उर्सात तिथं आजही गाणं होतं.

मिरजेची आणखी एक ओळख तंबोऱ्यांची. हत्यारांना धार लावणारे तिथले शिकलगार संस्थानी लढाया संपल्यावर एकोणिसाव्या शतकात वाद्यं बनवू लागले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं मूळ नाव. भोपळा, लाकूड, तार आणि घोडी यांतून त्यांनी जे उभं केलं, त्याला मी निःसंकोच ध्वनितंत्रज्ञान म्हणेन. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलाई देऊन घासतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवतात. धागा केसभर हलला की एकाच तारेतून अनेक स्वर गुंजू लागतात. ही जवारी. स्वतः खाँसाहेब वाद्य दुरुस्त करण्यात आणि जवारी लावण्यात तरबेज होते. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी श्रुतींच्या मोजमापाचं जे काम केलं, त्यात आधार होता तो खाँसाहेबांच्या गळ्याचा. कानानं इतकं बारीक ऐकणारी माणसं आपल्याकडं शंभर वर्षांपूर्वी होती.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या निघाल्या. त्यात झिंझोटीतली एक ठुमरी होती. लहानपणी ही ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गाणं शिकायच्या ध्यासानं घर सोडलं, असं भीमसेन जोशी सांगत असत. ती त्यांनी एका दुकानात ऐकली होती. बाजारातला गोंगाट, चावीचा ग्रामोफोन आणि झिजलेली पोलादी सुई. त्या काळच्या तबकडीत साधारण पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज मावे. माणसाचा कान वीस हजारांपर्यंत ऐकतो. म्हणजे बराचसा आवाज गळून गेल्यावर जे उरलं, तेवढ्यानं एका मुलाचं आयुष्य बदललं.

मिस्तरी आणि गुरुजी

अब्बा १९६० च्या दशकात अमरावतीला काम शिकून आले आणि दिग्रसला दुकान टाकलं. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन्स लागायचं. खेड्यात वीज नव्हती, ट्रान्झिस्टरनं ती अडचण सोडवली. गावोगावचे लोक सेलवर चालणारे ट्रान्झिस्टर घेऊन एसटीनं यायचे. सणासुदीला अब्बा ॲम्प्लिफायर आणि भोंगे भाड्यानं द्यायचे. गणपती, भीमजयंती, लग्नं, आर्णीच्या बाबा कंबलपोश यांच्या उर्सातल्या कव्वाल्या. मशीन तीच, भोंगे तेच, सतरंजीही तीच. कव्वालीच्या वेळी अब्बा स्वतः मशीनजवळ बसत. ताळी आणि ढोलक यांत कव्वालाचा शब्द हरवता कामा नये, हा त्यांचा एकच नियम.

गॅरार्ड त्यांना एका जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्यातून मजुरीपोटी मिळाला होता. तबकड्या मात्र गुरुजींच्या. गुरुजी शाळामास्तर. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, खाँसाहेब. पगारातून उरलं की तबकडी. रोज संध्याकाळी ते दुकानात यायचे आणि एकच वाद चालायचा. अब्बांनी नवीन ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर बांधला होता. गुरुजींना जुना व्हॉल्व्हचाच हवा.

“मिस्तरी, आवाज आला. पन जीव नाही आला.”

“गुरुजी, जीव मशीन में नहीं रहता. तुमच्या कानात सवय बसलीय जुन्या मशीनची.”

हा वाद दहा-बारा वर्षं चालला. पुढं कळलं की अगदी हाच वाद लंडन-न्यूयॉर्कातली मासिकं छापून करत होती.

कानांची परीक्षा

त्या वादाचा इतिहास मनोरंजक आहे. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली, १९५८ च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आली आणि ‘हाय-फाय’ हा मध्यमवर्गाचा शौक झाला. बंगाली क्रांतिकारकाचा अमेरिकेत जन्मलेला मुलगा अमर बोस याला विद्यार्थीदशेत घेतलेल्या महागड्या संचाचा आवाज पसंत पडला नाही. त्यानं संशोधन केलं, १९६४ मध्ये कंपनी काढली आणि १९६८ मध्ये ‘९०१’ हा स्पीकर आणला. १९७० मध्ये एका ग्राहक मासिकानं लिहिलं की यातून वाद्यांचे आवाज खोलीभर भटकल्यासारखे वाटतात. बोस कोर्टात गेले. आवाज खोलीभर भटकत नाही, फार तर भिंतीच्या कडेनं सरकतो, असा मुद्दा होता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८४ मध्ये निकाल मासिकाच्या बाजूनं लागला. कान काय ऐकतो, हा प्रश्न इतका नाजूक!

१९८२ मध्ये सीडी आली. हौशी लोकांत दोन तट पडले. एक म्हणे आकड्यांत मोजलेला आवाज थंड असतो, दुसरा म्हणे तुमच्या रेकॉर्डची खरखरच तुम्हाला ऊब वाटते. १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकानं स्वस्त आणि फार महाग ॲम्प्लिफायर पडद्याआड ठेवून लोकांना ओळखायला सांगितलं. उत्तरं नाणं उडवून द्यावीत तशीच आली.

सगळ्यात बोलकी गोष्ट अलीकडची, २०२२ ची. ‘मोबाईल फिडेलिटी’ ही कंपनी शौकिनांसाठी महाग रेकॉर्ड काढते. त्यांचा मान असा की मूळ टेपवरून थेट तबकडी, मध्ये डिजिटल काही नाही. मग उघड झालं की कित्येक वर्षं मध्ये डिजिटल टप्पा होताच. डिजिटल आपल्याला लगेच ऐकू येतं असं शपथेवर सांगणारेही याच रेकॉर्डची वाहवा करत होते.

यावरून हे शौकीन मूर्ख आहेत असं कुणी म्हणू नये. स्पीकर आणि खोली यांनी आवाजात खरा फरक पडतो, तो मोजता येतो आणि ऐकूही येतो. टर्नटेबल डगमगला तर स्वर डगमगतो. पण एका मर्यादेनंतर माणूस कानानं कमी आणि किंमतीनं, लेबलानं, सवयीनं जास्त ऐकतो. अब्बांनी गुरुजींना हेच सांगितलं होतं. गुरुजीही चुकले नव्हते. व्हॉल्व्ह आवाजात स्वतःचं थोडं काहीतरी मिसळतो आणि ते अनेकांना गोड लागतं. एक अचूकपणाबद्दल बोलत होता, दुसरा आवडीबद्दल.

चांगला आवाज कुणाचा?

आवडीची गोष्ट घरापुरती राहते तोवर ठीक. ती खुर्चीवर बसली की काय होतं, हेही आपण पाहिलंय. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि लोक रेडिओ सिलोनकडं वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. या केसकरांचं मत असं होतं की मुस्लिम घराण्यांच्या हाती गेल्यामुळं संगीत बंदिस्त झालं आणि आपल्या मूळ धार्मिक परंपरेपासून तुटलं.

हे मत ज्या राज्यातल्या माणसाचं, त्याच राज्यातल्या मिरजेत शिकलगार तंबोरे घडवत होते आणि खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडं शिकलेले भीमसेन पुण्यात गात होते. केसकरांना शास्त्रीय संगीत नक्कीच प्रिय होतं. पण ते ऐकताना त्यांना गळ्याआधी नाव ऐकू येत असावं. हाय-एंडवाला लेबल बघून ऐकतो त्यात त्याचेच पैसे जातात. मंत्र्यानं लेबल बघून ऐकलं तर लोकांचा इतिहास जातो.

आणि तो केवळ मोठ्यांमुळं जात नाही. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी रेडिओ कुणी दुरुस्त केले, भोंगे कुणी बांधले, तबकड्या कुणी जपल्या, हे कुठंच लिहिलेलं नाही. आम्हीही लिहिलं नाही. सामान विकलं, दुकान मोबाईलवाल्याला भाड्यानं दिलं, संपलं.

अमानत

त्या दिवशी मी व्हॉल्व्ह दिले. पैशांची गरज होती, ते लपवत नाही. गॅरार्डचाही सौदा जवळजवळ ठरला होता. तेवढ्यात अम्मी आतून म्हणाली, “मशीन तेरे अब्बा की, पर रेकॉर्डां गुरुजी के हैं. अमानत हैं. बजाने की मशीन बेच के रेकॉर्डां का क्या करेगा?”

गुरुजी निवृत्तीनंतर मुलाकडं पुण्याला गेले, तेव्हा पेटी अब्बांकडं ठेवून गेले होते. परत आले नाहीत. अब्बांनी ती कधी आपली मानली नाही, दर पावसाळ्यानंतर पुसून मात्र ठेवली.

पाहुण्यांना मी चहा पाजून नम्रपणे नाही म्हटलं. ते नाराज झाले नाहीत. जाताना त्यांनीच एक उपयोगाची गोष्ट सांगितली. लाखेच्या तबकडीची खाच एलपीपेक्षा बरीच रुंद असते, एलपीची सुई तिच्या तळाला घासते, म्हणून खरखर जास्त येते. ७८ साठी वेगळी, जाड टोकाची सुई मिळते. आणि गॅरार्ड ३०१ ला ७८ चा वेग आहेच. म्हणजे ज्या यंत्रासाठी ते आले होते, ते यंत्र याच ‘भंगारा’साठीही बनलं होतं.

ती सुई मी मागवली. ॲम्प्लिफायर अब्बांनीच बांधलेला, ट्रान्झिस्टरचा. खाँसाहेबांची तबकडी लावली. खरखर होती. तिच्या मागं तंबोरा होता आणि त्यावर तो बारीक, सरळ, कुठंही जोर न लावणारा आवाज. जीव आला की नाही, हे गुरुजींनीच सांगायला हवं होतं.

आता रोज रात्री एकेक तबकडी काढतो आणि वहीत लिहून ठेवतो. गायक, राग, कंपनी, लेबलावरचा क्रमांक. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशा तबकड्यांच्या नोंदी करण्याचं काम करत आली आहे. तिच्या कामामुळंच मला कळलं की लेबलावरचा क्रमांकही इतिहास असतो.

तुमच्या घरी माळ्यावर अशी पेटी असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा. तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, लाख ठिसूळ असते. लेबलांचे फोटो काढा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कुणाची, कुठून आली, कोण ऐकायचं. उत्तर लिहून ठेवा. ते कुठल्याच लेबलावर छापलेलं नसतं.