कासवाला वळायला सांगणारी पोरं

2006 साली केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला एक पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या एमआयटीमधून निकोलस नेग्रोपॉंटे शंभर डॉलरचा लॅपटॉप घेऊन जगभर फिरत होते. प्रत्येक मुलाला एक, असा तो प्रकल्प. बॅनर्जींचं म्हणणं साधं होतं : आपल्याला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, आणि या यंत्राने मूल शिकतं हेच मुळात संशयास्पद आहे. (बॅनर्जी हिंदीतले कवीही होते. सरकारी पत्र लिहिणारा कवी असला की ते पत्र लोकांच्या लक्षात राहतं, असं मला उगाच वाटतं.)

देशाने नकार दिला आणि पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, तेच हिरवे-पांढरे लॅपटॉप रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाच्या वाडीवर पोहोचले. जिल्हा परिषदेची शाळा, एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथी मिळून 22 मुलं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले जी. नागार्जुन आणि त्यांचे सहकारी या प्रयोगाशी जोडलेले होते. आज 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा चालते. त्या हिशोबाने खैराट जेमतेम दोन मुलांनी वाचली असती.

त्या लॅपटॉपमध्ये 'टर्टल आर्ट' नावाचा एक प्रोग्राम होता. पडद्यावर एक कासव. त्याला सांगायचं, पुढे जा, उजवीकडे वळ. ते चालतं तशी रेघ उमटते. या कासवाचं मूळ 1967 मध्ये आहे. वॉली फ्युर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पॅपर्ट यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची भाषा तयार केली ते हे साल. कासव मागाहून आलं, आणि आधी ते खरोखरचं होतं : फरशीवर फिरणारा रोबो. पॅपर्ट गणितज्ञ, जीन पियाजेंसोबत जिनिव्हात काम करून आलेले. मुलाने यंत्राला शिकवावं, हा त्यांचा आग्रह.

यात काय मोठं, असं वाटत असेल तर त्रिकोण काढून बघा. चौरस सोपा आहे : 100 पावलं पुढे, 90 अंश उजवीकडे, असं चार वेळा. त्रिकोणाला मूल साहजिकच 60 सांगतं, कारण समभुज त्रिकोणाचा कोन 60 असतो हे पुस्तकात पाठ केलेलं असतं. कासव भलतीकडेच जातं. मग ते पोरगं उठून स्वतः फरशीवर चालतं, कोपऱ्यावर थांबतं, वळतं, आणि त्याला कळतं की आपण 60 नाही, 120 वळलो. बाह्यकोन मला दहावीत सूत्र म्हणून भेटला. आठ वर्षांच्या मुलाला तो पायांनी भेटतो.

आपल्याकडे शाळेत संगणक यायला 1984 साल उजाडलं. केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात देशातल्या सुमारे 250 शाळांना ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. सगळ्या माध्यमिकच्या वरच्या शाळा. चौथीतल्या पोराचा त्यात विचार नव्हता. पुढे 2001 नंतर एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचलं आणि 'कम्प्युटर येतो' या वाक्याचा अर्थच वर्ड-एक्सेल येतं असा झाला. त्या कोर्सने हजारो घरांतल्या पहिल्या माणसाला माउस धरायला शिकवला, त्याबद्दल तक्रार नाही. पण शाळांनी तोच नमुना लहान मुलांना लावला. माझ्या शाळेत संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि आत पेंटमध्ये घर, डोंगर, सूर्य. दर आठवड्याला तेच घर.

याला पहिलं धड उत्तर आयआयटी मुंबईतून आलं. प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी पहिलीपासूनचा अभ्यासक्रम मांडला आणि 'कम्प्युटर मस्ती' ही पुस्तकं काढली. तेजस, ज्योती आणि त्यांना शिकवणारा मोझ अशी पात्रं. आधी टप्प्याटप्प्याने विचार करायचा, मग एमआयटीच्या 'स्क्रॅच'मध्ये ठोकळे जोडून गोष्ट किंवा खेळ बनवायचा. स्क्रॅच 2007 मध्येच खुलं झालं होतं, फुकट. पुस्तकंही क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे शिक्षकासाठी लिहिलेला मजकूर. यंत्र सगळेच वाटतात, शिक्षकाच्या हातात मात्र क्वचितच कोणी काही देतं.

2020 तुम्हाला आठवत असेलच. 29 जुलैला नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात सहावीच्या पुढे कोडिंगचा उल्लेख. आठवडाभरात बायजूजने मुंबईची व्हाइटहॅट ज्युनिअर 30 कोटी डॉलरला घेतल्याची बातमी. जाहिरातीत 'वुल्फ गुप्ता' नावाचा मुलगा होता, ज्याचं वय आणि पगार जाहिरातीगणिक बदलायचा, कारण तो अस्तित्वातच नव्हता. कासवाची रेघ बघून हसणाऱ्या मुलाच्या जागी कोटींचं पॅकेज घेणारं मूल आलं. गावाकडच्या आईबापांनीही मला फोन करून विचारलं, पोराला लावू का? फीचा आकडा ऐकून मी गप्प झालो.

आता बपेरा. तुमसर तालुक्याचं, मध्य प्रदेशच्या सीमेवरचं गाव. तुमसरहून येणारा रस्ता इथून पुढे बालाघाटकडे जातो. धानाचा पट्टा. घरात पोवारी किंवा झाडीबोली, शाळेत पुस्तकी मराठी, कोडिंगमध्ये इंग्रजी. अशा शाळेसाठी मला खैराटपेक्षाही न्यूझीलंडचे टिम बेल जवळचे वाटतात. त्यांनी साथीदारांबरोबर 'अनप्लग्ड' नावाचा, यंत्राशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचा मार्ग काढला. एसीएम इंडियाच्या 'सीएसपाठशाला' या 2016 च्या उपक्रमातही यंत्राविना शिकवण्यावर भर आहे.

पाच पोरं ओळीत उभी करा. प्रत्येकाच्या हातात पुठ्ठा. त्यावर ठिपके 16, 8, 4, 2, 1. गुरुजी म्हणतात, 19. पोरं भांडतात, 16 वाला वर, 8 खाली, 4 खाली, 2 वर, 1 वर. हा झाला द्विमान अंक 10011, माझ्या नोकरीतल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात असतो तोच. यात लाइन गेली तरी अडत नाही. मग विचारायचं, याच पुठ्ठ्यांनी 32 करून दाखवा. होत नाही. सगळे पुठ्ठे वर केले तरी 31. तेव्हा कोणीतरी म्हणतं, अजून एक पोरगा पाहिजे, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर किती ठिपके, ते गुरुजींनी सांगायचं नसतं.

लागतात पाच पुठ्ठे, एक खडू आणि चाळीस मिनिटं. पुठ्ठे आणि खडू बपेऱ्यात मिळतात. चाळीस मिनिटं मात्र शालेय पोषण आहाराची नोंद, मतदार यादी आणि केंद्रावरची मीटिंग यांतून काढावी लागतात. वर्गखोल्या आणि शिक्षक आधी, हे बॅनर्जींचं वाक्य मला पटतं ते इथेच.