एका युआनचं घड्याळ

२०१३ च्या सप्टेंबरमध्ये मी चिनी भाषा शिकायला वर्षभरासाठी नानजिंगला गेले. खोली मिळाली ती एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात. चौथा मजला, लिफ्ट नाही. कुणाच्या घरी पहिल्यांदा जाताना हात रिकामे नसावेत, हे आईनं बजावलेलं. तिनंच लक्ष्मी रोडवरून भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं होतं, तबकडीवर वारली चित्रं असलेलं. काच फुटू नये म्हणून विमानात ते मी मांडीवर घेऊन बसले होते.

आजींनी कागद सोडवला. घड्याळ बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. आतल्या खोलीत आजोबा झोपले होते, दोनच दिवसांपूर्वी हॉस्पिटलमधून घरी आलेले. मग त्यांनी खण उघडून एक युआनचं नाणं काढलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली. म्हणाल्या, "हे मी तुझ्याकडून विकत घेतलं. तू दिलेलं नाहीस. कळलं?"

मला तेव्हा काही कळलं नव्हतं. पुण्यात दोन वर्षं चिनी शिकले, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलीनं समजावलं. चिनीत घड्याळाला 'चुंग' म्हणतात आणि भेट देण्याला 'सुंग'. घड्याळ भेट देणं म्हणजे 'सुंग चुंग'. आणि वेगळ्या लिपिचिन्हांत लिहिलेल्या, पण उच्चार अगदी तोच असलेल्या 'सुंग चुंग'चा अर्थ आहे, मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं. आजारी माणसाच्या घरात पहिल्याच दिवशी मी हे घेऊन गेले होते. जमीन दुभंगावी असं वाटलं.

त्या वर्षी मी अभ्यासापेक्षा जास्त लक्ष लोकांच्या घरातल्या वस्तूंकडे दिलं, ते या भीतीमुळे. पुन्हा चूक व्हायला नको होती. हळूहळू लक्षात आलं, की चिनी घरातली शोभेची वस्तू नुसती बघायची नसते, ती वाचायची असते. भिंतीवर मासा असतो, कारण मासा म्हणजे 'यू' आणि शिल्लक उरणं म्हणजेही 'यू'. वर्षाअखेरी घरात काहीतरी उरू दे, असं तो मासा म्हणतो. फुलदाणी म्हणजे 'पिंग', शांतता म्हणजेही 'पिंग'. डाळिंब उकललेलं दाखवतात, कारण त्यात दाणे पुष्कळ. दाण्याचा आणि मुलाबाळांचा शब्द एकाच आवाजाचा. भेट म्हणून छत्री मात्र द्यायची नाही, कारण तिच्या नावात पांगणं ऐकू येतं.

सगळ्यात गंमत वटवाघळाची. आपल्याकडे ते घरात शिरलं तर आजी देवापुढे दिवा लावते. चीनमध्ये बशा, कपाटं, भरतकाम, सगळीकडे वटवाघळं. त्याच्या नावातला 'फू' आणि सौख्याचा 'फू' यांचा उच्चार एक, एवढंच कारण. पाच वटवाघळं एकत्र काढली, की ती पाच सुखं. लाल काढली तर अफाट सुख. उलटी काढली तर सुख दारात आलं, कारण 'उलटं' आणि 'पोचलं' हे शब्दही सारखेच ऐकू येतात. शब्दांच्या या खेळाला मिंग आणि चिंग राजवटींत, म्हणजे १३६८ ते १९१२ या काळात, भरपूर बहर आला. राजवाड्यातल्या चिनी मातीच्या भांड्यांपासून साध्या घरातल्या उशीच्या अभ्र्यापर्यंत हीच चित्रं उतरली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यालाही चित्राचं नाव उच्चारून आशीर्वाद वाचता येत होता.

पण मग मला एक प्रश्न सतावू लागला. मातेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट पाद्री १६०१ मध्ये पेइचिंगला पोचला, तो वानली सम्राटासाठी घड्याळं घेऊनच. ती आवडली. रिच्चीनं राजवाड्यातल्या नोकरांना किल्ली द्यायला शिकवलं आणि १६१० मध्ये मरेपर्यंत तो पेइचिंगमध्येच राहिला. पुढची दोनेकशे वर्षं युरोपातून सम्राटांसाठी घड्याळं येत राहिली, क्वांगचौच्या कारागिरांनीही ती बनवली. आज त्या जुन्या राजवाड्यात घड्याळांचं वेगळं दालन आहे. तेव्हाही त्या वस्तूचं नाव आपोआप वाजणारी घंटा, म्हणजे 'चुंग'च होतं. तरी कुठल्या सम्राटानं रिच्चीच्या हातावर नाणं ठेवलं नाही! म्हणजे या खुणा दगडावरच्या रेषा नाहीत. कुणी दिलं, कुणाच्या घरात दिलं, घरात कोण आजारी आहे, यावर त्यांचा अर्थ हलतो.

हा अर्थ माणसाला किती महागात पडू शकतो, ते आजींनी एकदा भाजी निवडताना सांगितलं. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती, जुन्या सवयी, हे 'चार जुने' संपवायचे म्हणून तरुण रेड गार्ड घराघरांत शिरत होते. आजींच्या माहेरी पाच वटवाघळांची एक फुलदाणी होती, त्यांच्या आईच्या लग्नातली. गार्ड शेजारच्या गल्लीत आल्याचं कळल्यावर आईनं ती गोधडीत गुंडाळली आणि स्वतःच फोडली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गोधडी. तुकडे रात्री कालव्यात टाकले. दक्षिण आन्हुईतल्या काही गावांत लोकांनी लाकडावरचं जुनं कोरीवकाम चिखलानं लिंपून, वर माओच्या घोषणा लिहून वाचवलं. फुलदाणीला असं लिंपता येत नाही.

आजींनी एक तुकडा मात्र ठेवला होता. अंगठ्याएवढा. त्यावर एका लाल वटवाघळाचं पाऊण अंग होतं.

"पाचातलं हे कितवं?" मी विचारलं.

उत्तर आजोबांनी दिलं, आतल्या खोलीतून. 'शूचिंग' या दोन हजारांहून अधिक वर्षं जुन्या ग्रंथात ती पाच सुखं मोजून दिली आहेत. दीर्घ आयुष्य, संपत्ती, आरोग्य आणि स्वास्थ्य, सद्गुणाची आवड. आणि पाचवं, म्हातारपणी आपल्या वेळेला, आपल्या मरणानं मरणं. या पाचव्या सुखाच्या नावात एक अक्षर आहे: 'चुंग', शेवट. माझ्या घड्याळात ऐकू आलेला तोच.

आजोबा हसले. म्हणाले, "तू घाबरलीस, हीही घाबरली. पण निरोप द्यायला घरात कुणी असणं, हे नशीबच की."

मला आपली भाषा आठवली. आपणही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतो. आहेराच्या पाकिटावर शंभराच्या पुढे एक रुपया चिकटवतो. आजींचं एक युआन मला परकं वाटायचं काहीच कारण नव्हतं.

परत आल्यावर पुण्यात प्रत्येक गिफ्टच्या दुकानात मला चीन दिसू लागला. वास्तुशांतीला लोक हसरा बुद्ध देतात. तो गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला च-च्यांग प्रांतात फिरणारा बुदाय नावाचा ढेरपोट्या भिक्षू तो. बुदाय म्हणजे कापडी झोळी. लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलं. तो मैत्रेय मूळचा आपल्याकडचा. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात दारावरच्या पट्टीत सात बुद्धांच्या शेजारी आठवा बसलाय, तो हाच. आपण ज्याला चायनीज शोपीस म्हणून किंमत विचारतो, तो निम्मा माहेरी आलेला असतो. 'लकी बांबू'ची तर वेगळीच तऱ्हा: ते बांबू नाही आणि चीनचंही नाही, मूळ मध्य आफ्रिकेचं झाड.

२०१५ च्या हिवाळ्यात आजींचा मेसेज आला. आजोबा गेले. घरीच, पहाटे, झोपेत. मी काय लिहू ते सुचेना, म्हणून सरळ विचारलं, घड्याळ काढून टाकलंत का?

त्यांनी फोटो पाठवला. आजोबांच्या पलंगासमोरची भिंत, वारली माणसांचा गोल फेर, काटे चालू. खाली लिहिलं होतं, "काढू कशाला? मी पैसे देऊन घेतलंय."

ते नाणं माझ्या कंपासपेटीत आहे. आता मी कुणाकडे जाताना भेट निवडते, तेव्हा आधी विचारते, घरात कोण कोण आहे, आणि कुणाची तब्येत कशी आहे.