आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण आणि दूरस्थ माध्यम : गडचिरोलीच्या अनुभवाचा विचार

आरोग्य कर्मचाऱ्यांना तातडीच्या उपचारांचे शिक्षण संगणकाच्या पडद्यावरून देण्याची पद्धत २०२० च्या करोना साथीत सर्वदूर रूढ झाली. केंद्र शासनानेही त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘दीक्षा’ या शैक्षणिक मंचावर अशा कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम सुरू केले. या पद्धतीची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने होते. तथापि डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती प्राण वाचविण्याचे कौशल्य कसे द्यावे, हा प्रश्न महाराष्ट्रात त्याहून पुष्कळ जुना आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात, तेव्हा गावातील स्त्रियांचीच निवड झाली. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत आणि शिकून परत जात. या येण्या-जाण्यातच प्रशिक्षणाचे मर्म होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

गडचिरोलीत हा प्रश्न अधिक बिकट रूपाने उभा राहिला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे होती. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया येथे आरोग्यदूत झाल्या. जंतुदोष झालेल्या बाळाला त्या जेन्टामायसिनची सुई देत. सुई हे डॉक्टरकीचे चिन्ह मानणाऱ्या समाजात हे साधे पाऊल नव्हते! तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

जन्मतः न रडणाऱ्या बाळाची गोष्ट निराळी. तेथे हाताशी काही मिनिटेच असतात, रुग्णालय गाठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आरंभी सुईणींना तोंडाने श्वास देण्यास शिकविले गेले. पुढे आरोग्यदूतांच्या हाती नळी-मुखवटा आणि त्यानंतर पिशवी-मुखवटा आला. मुखवटा नाका-तोंडावर घट्ट बसला नाही, तर हवा बाजूने निसटते. ही चूक बोटांना कळावी लागते. शिवाय हजारभर वस्तीच्या गावात वर्षाला पंचवीस-तीसच जन्म होत, श्वास अडलेली बाळे त्यांतली मोजकी. म्हणजे कौशल्य वापरण्याची वेळ क्वचित येणार आणि आली की चुकण्यास वाव नाही. दर पंधरा दिवसांनी गावात येणाऱ्या पर्यवेक्षकाचे महत्त्व यातून ध्यानात येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मूलभूत आपत्कालीन उपचारांचा पाच दिवसांचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पुढे त्याचा सैद्धान्तिक भाग संगणकावर व प्रात्यक्षिक भाग समोरासमोर, अशी मिश्र मांडणीही झाली. प्रवासाचा खर्च व रजेचे दिवस वाचतात, हा लाभ दुर्गम भागात लहान नाही. लक्षणे, औषधांच्या मात्रा, उपचारांचा क्रम हे पडद्यावर उत्तम शिकविता येते. परंतु वाचलेले दिवस कोठे खर्च होतात, हे पाहावे लागेल. ते सरावाला मिळावयाचे असतील, तर सरावाची बाहुली आणि पिशवी-मुखवटा जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रातील कपाटात ठेवून चालणार नाही; ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, मासिक बैठकीच्या टेबलावर असावयास हवीत.