फ्रेमचा दर नेमका कशाचा?

आजी-आजोबांच्या लग्नाचे कृष्णधवल छायाचित्र किंवा प्रदर्शनातून आणलेले जलरंगातील निसर्गचित्र भिंतीवर लावायचे ठरले, की फ्रेमच्या दुकानाची पायरी चढावी लागते. तेथे एकाच मापाच्या चित्रासाठी दोन दुकानांत दोन दर सांगितले जातात आणि 'माउंट लावायचा का?' या प्रश्नाने रक्कम आणखी वाढते. माउंट ही केवळ शोभेची बाब आहे, असे समजून अनेक ग्राहक त्या खर्चाला कात्री लावतात. प्रत्यक्षात चित्राचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते.

माउंट कशासाठी?

माउंट म्हणजे मध्ये खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट. खिडकीची कड ४५ अंशांत तिरकी कापतात आणि चित्राची कड तिच्याखाली पाव इंचापर्यंत झाकली जाते. चित्र आणि काच यांच्यात अंतर राखणे हे माउंटचे पहिले काम. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर बहुधा जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्यातील दमट हवेत तो मऊ पडून काचेला चिकटू शकतो. मग काच ओढून काढताना चित्रातील चेहराच काचेवर उतरण्याची भीती असते.

महाराष्ट्रातील घरांना फ्रेमची सवय जुनी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यातील देवदेवतांच्या ओलिओग्राफनी असंख्य भिंती सजवल्या. छापील चित्र खराब झाले तर दुसरे आणता येत असे. पणजोबांच्या एकुलत्या एका छायाचित्राबाबत तशी सोय नसते.

हिशेब असा होतो

लाकडी वा फायबरच्या पट्टीचा दर फुटावर, तर काच आणि पाठीचा पुठ्ठा यांचा दर चौरस फुटावर ठरतो. पट्टीचे कोपरे तिरके कापून जोडावे लागत असल्याने चित्राच्या परिघापेक्षा अधिक पट्टी लागते. एक इंच रुंदीच्या पट्टीसाठी ही वाढ आठ इंचांची असते.

उदाहरणार्थ, ८ बाय १० इंचांचे छायाचित्र माउंटशिवाय बसवल्यास ४४ इंच पट्टी लागते. चारही बाजूंना सुमारे दोन इंचांचा माउंट घेतला, तर बाहेरचे माप १२ बाय १४ होते आणि पट्टी ६० इंच, म्हणजे पाच फूट लागते. काचेचे क्षेत्रफळ तर ८० वरून १६८ चौरस इंचांवर, म्हणजे दुपटीहून अधिक होते.

हिशेबाच्या सोयीसाठी पट्टी फुटाला १२० रुपये, काच व पाठ मिळून चौरस फुटाला ९० रुपये आणि माउंट कापणावळीसह २०० रुपये धरला, तर पहिली फ्रेम सुमारे ४९० रुपयांची आणि दुसरी ९०५ रुपयांची होते. फरक ४१५ रुपयांचा. त्यात खुद्द माउंटचे २०० रुपये असून उरलेले २१५ रुपये वाढलेल्या मापाचे आहेत. दुहेरी माउंट किंवा लंबगोल खिडकी घेतल्यास कापणावळ वाढते. दुकानदाराने हे ग्राहकाला कागदावर मांडून दाखवले, तर घासाघीस बरीच कमी होईल.

पुठ्ठ्यातील फरक

साध्या पुठ्ठ्यात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन असते. कालांतराने त्यातून आम्ल तयार होऊन खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटते. आम्लमुक्त बोर्ड महाग असतो. पूर्ण सुती धाग्यांपासून केलेला बोर्ड त्याहून महाग. दिनदर्शिकेतील चित्राला साधा बोर्ड पुरेसा आहे, पण मूळ चित्राला किंवा जुन्या छायाचित्राला तो वापरू नये. शिवाय समोर उत्तम बोर्ड आणि पाठीला साधा पुठ्ठा लावल्यास आम्ल मागून येतेच.

चित्र कसे बसवले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. ते डिंकाने पूर्ण चिकटवले किंवा त्यावर चिकटपट्टी लावली, तर डाग पडतात आणि चित्र सुखरूप सोडवणे कठीण होते. त्याऐवजी वरच्या कडेला जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून चित्र टांगते ठेवतात. यास वेळ लागतो, म्हणून मजुरी अधिक पडते. मात्र चित्र केव्हाही मोकळे करता येते.

काय विचारावे?

पट्टी, काच, माउंट, पाठ आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे लिहून मागावेत. जीएसटी त्यात धरला आहे का, बोर्ड आम्लमुक्त आहे का आणि चित्र कसे बसवणार, हे आधीच विचारावे. खर्च कमी करायचा असल्यास पट्टी साधी घ्यावी, बोर्डावर काटकसर करू नये. घरी आणलेली फ्रेम ओल येणाऱ्या किंवा उन्हाच्या भिंतीवर लावू नये; मागे बुचाचे तुकडे चिकटवल्यास हवा खेळती राहते आणि बुरशीचा धोका कमी होतो.

छायाचित्र आधीच काचेला चिकटले असेल, तर ते सोडवण्याचा प्रयोग घरी करू नये. आहे त्या स्थितीत काचेसह त्याची डिजिटल प्रत काढून घ्यावी आणि संवर्धन-तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे.