एका पंगतीतला बटाटा

चाकणच्या बाजारात कांदा-बटाट्याचं राज्य मोटारींच्या कारखान्यांच्या कितीतरी आधीपासूनचं. सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा तर वेफर्सवाल्यांनाही हवा असतो. २००९ साली याच चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, मर्सिडीजही तिथंच आली. या कंपन्यांच्या मायदेशी, जर्मनीत, नाताळच्या आदल्या रात्री असंख्य घरांत एकच साधा बेत असतो: सॉसेज आणि बटाट्याचं सॅलड.

हाच देश ख्रिस्ती धर्मातल्या एका मोठ्या फुटीचंही मूळ. १५१७मध्ये ल्यूथरने प्रबंध मांडले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वेगळे झाले, पुढे तीस वर्षं चाललेलं युद्धही झालं. सॅलडचे मात्र दोन पंथ पडले ते प्रदेशावरून. उत्तरेत मेयोनीज, दक्षिणेत व्हिनेगर आणि आपल्या मटणाच्या अळणीसारखा गरम, पातळ रस. बटाटे सालासकट उकडायचे, हाताला चटका बसत असतानाच सोलून चकत्या करायच्या आणि लगेच त्यावर हा रस ओतायचा, कारण बटाटा तो मुरवून घेतो गरम असतानाच. मेयोनीजचं नेमकं उलटं. बटाटा पुरता गार झाला नसेल तर ते फुटतं. दक्षिणेतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरं शतकानुशतकं शेजारी नांदली. तिथंच ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चेसनी समेटाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.

महाराष्ट्र यात मागे नव्हता, उलट २९ वर्षं पुढे होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. बोलणी १९२९पासून चालली होती. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की जाणत्या माणसाला, हा मोठा पेच होता. दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य झाल्या, आणि हे धाडस थोर होतं. मेथडिस्टांचा एक मोठा गट मात्र ऐनवेळी बाहेर राहिला.

१९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्यामागून कारखाने वाढत गेले, तशी नगरकडची मराठी ख्रिस्ती, केरळची मार थोमा पंथाची आणि गोव्याची कॅथलिक कुटुंबं या पट्ट्यात रुजली. प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून एकत्र बसत नाहीत. प्रीतिभोजनाच्या, म्हणजे एकत्र जेवणाच्या, पंगतीत ती अडचण येत नाही. तिथं दही, दाण्याचं कूट आणि तूप-जिऱ्याची फोडणी घातलेली बटाट्याची कोशिंबीर सगळ्यांनाच चालते.

पंगतीबाहेरही ऐक्याचे प्रयत्न होतात: दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला अनेक देशांत ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह पाळतात. २०१३चं त्याचं साहित्य भारतातल्या ‘स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट’ने तयार केलं. त्यात पंथभेदांच्या बरोबरीने चर्चमधल्या जातिभेदाचा आणि दलित ख्रिस्तीजनांवरच्या अन्यायाचा प्रश्न मांडलेला होता.