फाकडा पाहायला कार्ल्याला चला

वर्ध्याच्या बजाज चौकात उभे आहात ना? खांद्यावर घोंगडी टाका आणि चला माझ्यामागे. जानेवारी 1779, मावळ. मागे वळून वर्धा शोधू नका. ते शहर वसायला अजून 87 वर्षं आहेत. तिकडे सध्या नागपूरकर भोसल्यांचा अंमल आहे.

मुंबईकर इंग्रजांच्या फौजेत तुम्ही बैल हाकता आहात. लढणारी माणसं चार हजारांच्या आत-बाहेर, बैल मात्र 19,000! आधी वासच अंगावर येतो: शेण, मूत, घामेजलेलं कातडं. नाकातोंडात धूळ. तोफगाड्यांचे आस करकरतात, कुणीतरी ‘हैक हैक’ ओरडतं, दोन पावलं पुढे सरकता आणि सगळं परत थांबतं. खंडाळ्याहून कार्ल्याचे चार कोस काटायला या फौजेला 11 दिवस लागलेत. पहाटे दात वाजतात, दुपारी पाठ भाजते. भाकरी थापायला बसावं तर टेकडीआडून मराठ्यांचा बाण सूं करत येतो. बैल बुजतात, त्यांना आवरायला तुम्ही धावता आणि तव्यावरची भाकरी करपते. शेजारी चिलीम ओढणारा शिपाई कोकणातला. पेशव्यांच्या गादीवर हक्क सांगणारे राघोबादादाही याच छावणीत आहेत. समोर महादजी शिंद्यांची, होळकरांची माणसं. कोण आपलं, कोण परकं, हे इथे धुळीत उभं राहून सांगणं अवघड आहे.

तो बघा, कॅप्टन जेम्स स्टुअर्ट! ग्रेनेडियर शिपाई घेऊन सगळ्यांच्या पुढे. बोरघाट आधी त्यानेच जाऊन धरला. वरचे अधिकारी आजारी नाहीतर आपसात भांडणारे. हा मात्र जिथे गोळी तिथे. समोरचे मराठे स्वारसुद्धा त्याला ओळखतात. शूर गड्याला फाकडा म्हणायची त्यांची रीत, जसा त्यांचा मानाजी शिंदे फाकडा. याचं नाव त्यांनी करून टाकलंय ‘इष्टुर फाकडा’.

4 तारीख. वर एकवीरेचा डोंगर, खाली दारूच्या धुराचा उग्र दर्प, डोळे चुरचुरतात. मावळात सांगतात, शत्रूचा अंदाज घ्यायला तो झाडावर चढला होता. तोफेचा गोळा आला आणि कार्ल्यालाच स्टुअर्ट संपला. तुम्ही बैलाचा कासरा घट्ट धरून उभे आहात. फौजेचा जीवच गेल्यासारखं झालंय.

पुढचं झटपट सांगतो. तळेगावपर्यंत जाऊन फौज माघारी फिरली, जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि वडगावला तहावर सही करावी लागली.

शंभर वर्षांनी, जानेवारीतच, दक्षिण आफ्रिकेत झुलूंशी लढताना इंग्रजांचाच कर्नल अँथनी डर्नफर्ड इसांडल्वानाला पडला. तिथल्या पराभवाचं खापर त्याच्या वरिष्ठांनी त्या मेलेल्या माणसाच्याच माथी फोडलं. स्टुअर्टचं नाव मात्र शत्रूने राखलं. राघोबाला गादीवर बसवायला आलेल्या या परक्याला मावळाने आपल्या शूरांच्या पंगतीत बसवलं, हा मला मराठी मनाचा खरा मोठेपणा वाटतो.

वडगाव मावळला पोलीस ठाण्याच्या आवारात त्याची समाधी आहे. लोक आजही त्याला मानतात. पुणे-लोणावळा लोकल वडगावला थांबते. पुण्याला गेलात तर एवढी वाट वाकडी कराच.